मान वर कोणासाठी होते?

गेल्या कार्तिकातली गोष्ट. कारंजा तालुक्यातल्या धनजच्या थांब्यावर मी अमरावतीच्या एसटीची वाट पाहत होतो. कपाशीची वेचणी सुरू झाली होती. एक गाडी नुकतीच खचाखच भरून गेली होती आणि उभं राहायलाही जागा नाही म्हणून मी ती सोडली होती. थांब्यावर आम्ही चौघं पुरुष होतो, चौघांच्याही हातात फोन. तेवढ्यात एक म्हातारी आली. नऊवारी लुगडं, पायात झिजलेल्या चपला, कापडी पिशवीतून डोकावणारी दवाखान्याच्या कागदांची सुरळी.

तिनं पहिल्याला विचारलं, "बाबू, अमरावतीची गाडी गेली काय?" त्याच्या कानात बोंडं होती. त्यानं फक्त पंजा दाखवला, थांब म्हणून. तिनं दुसऱ्याला विचारलं. तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "माईत नाई." तिसरा दोन पावलं बाजूला सरकला. चौथ्याला तिचा प्रश्न नीट ऐकू आला होता, उत्तरही ठाऊक होतं. पण कुठल्याशा ग्रुपवर चाललेला वाद वाचण्यात तो गुंतला होता आणि बाकीच्यांपैकी कोणीतरी सांगेलच, असं त्यानं गृहीत धरलं. तो चौथा मी होतो.

समोर काळीपिवळी भरत होती. गाडी गेली आहे, पुढची दीड तासानं आहे, एवढं जरी कोणी सांगितलं असतं तरी म्हातारी त्या काळीपिवळीत बसली असती. तिच्या डोळ्यांदेखत ती भरली आणि गेली. म्हातारी उन्हात रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक मोठ्या गाडीला हात करू लागली.

पंधरा मिनिटांनी एक पांढरी सरकारी गाडी थांबली. काच खाली झाली आणि आतल्या साहेबांनी एका गावाचा रस्ता विचारला. आमच्या चौघांच्याही माना एकदम वर झाल्या. कानातली बोंडं निघाली, फोन खिशात गेले. एकानं रस्ता सांगितला, दुसऱ्यानं तो दुरुस्त केला, तिसरा तर गाडीपुढं दहा पावलं चालत जाऊन वळण दाखवून आला. मीही बोललो. "साहेब, तिकडून पूल खराब आहे, इकडून जा," हे माझेच शब्द.

या पंधरा मिनिटांनी मला जे दाखवलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. मोबाइलनं माणसाचं लक्ष हिरावून नेलं, माणूस माणसाला विसरला, अशी हळहळ आपण सगळे करतो. व्याख्यानांत करतो, लग्नाच्या पंगतीत करतो, मोबाइलवरही करतो. ही हळहळ खोटी आहे. आपलं लक्ष कोणी हिरावून नेलेलं नाही. ते शाबूत आहे, जागं आहे आणि कोणाला द्यायचं ते आपण माणूस पाहून ठरवतो. साहेबाला देतो, मालकाला देतो, पुढाऱ्याला तर न मागता देतो. फाटक्या चपलेच्या म्हातारीला देत नाही. फोन हे न देण्याचं निमित्त आहे. तो हातात असला की "दिसलंच नाही" म्हणता येतं.

समोरच्या माणसाला न पाहण्याची विद्या या देशाला कोणी नव्यानं शिकवायला नको. ती आपण हजारो वर्षं घोटली आहे. अमक्याची सावली नको, अमक्याचा स्पर्श नको, अमका समोरून आला तर तोंड फिरवा. विटाळ उघडपणे पाळणं आज कायद्यानं गुन्हा आहे. पण नजरेचा विटाळ पाळायला आपल्या हाती एक सोयीचं साधन आलं आहे आणि ते दिवसभर चार्ज केलेलं असतं. मी हे जड शब्द विचार करून लिहितो आहे.

आमच्या वऱ्हाडात अनोळखी माणसाशी वागायची एक रीत होती. ती नीट सांगितली पाहिजे, कारण आज विशीत असलेल्या पुष्कळांनी ती पाहिलेलीच नाही. वाटसरू गावात शिरला की ओट्यावर बसलेला माणूस आधी राम राम घालायचा. राम राम, जय भीम, सलाम, जय गुरुदेव, तांड्यावर जय सेवालाल. शब्द वेगवेगळे, काम एकच. त्यानंतर यायचा प्रश्न, "कोण्या गावचे?" या प्रश्नात चौकशीचा सूर नसे. समोरच्याला धरायला एक टोक द्यायचं, एवढाच त्यामागचा हेतू. त्यानं गावाचं नाव सांगितलं की विचारणारा डोकं खाजवायचा आणि धागा शोधायचा. तुमच्या गावची सून आमच्या गल्लीत आहे; तुमच्या बाजारातून आम्ही बैलजोडी आणली होती; माझा मामा तिथं तलाठी होता. चार वाक्यांत काही ना काही सापडायचंच. तोवर घरातून पाण्याचा तांब्या आलेला असे. मग "कुठी चालले?" आणि मग रस्त्याची माहिती: नाल्याला पाणी आहे, वरच्या धुऱ्यानं जा, अंधार पडला तर अमक्याच्या वाड्यावर थांबा.

बघा, यात केवढी अक्कल होती. गावालाही कळायचं की आलेला माणूस कोण, कुठला, कशासाठी आला. वाटसरूलाही कळायचं की आपल्याकडे संशयानं पाहिलं जात नाही. सौजन्य आणि सावधगिरी, दोन्ही कामं तेच चार प्रश्न करत. गावाची राखण करणारा पहारेकरी आणि पाहुण्याचं स्वागत करणारा यजमान एकाच ओट्यावर एकाच माणसात बसलेले असत.

पण जुनं ते सगळं सोनं, असं म्हणणाऱ्यांच्या ओळीत मला उभं करू नका. त्या तांब्याचं पाणी सगळ्यांना एकसारखं मिळत नव्हतं. "कोण्या गावचे?" या प्रश्नामागे "कोणाचे?" हा दुसरा प्रश्न दडलेला असे आणि त्याचं उत्तर आल्यावर कित्येकदा तांब्या आत जायचा आणि ओंजळीत वरून धार पडायची. महात्मा फुल्यांना 1868 मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, तो या समाजात पाणीसुद्धा जात विचारून दिलं जात होतं म्हणून. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांसह गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. जनावरं जिथं पाणी पीत होती तिथं माणसांना बंदी होती. तेव्हा ती रीत जशीच्या तशी परत आणा, असं मी म्हणत नाही. तिच्यातली माणुसकी घ्यायची आणि भेद टाकायचा, हे काम आपल्यावर सोपवलेलं होतं. आपण उलटं केलं. भेद ठेवला आणि माणुसकी टाकली.

हे काम कसं करायचं ते याच भागातल्या एका माणसानं आयुष्य घालवून दाखवलं होतं. डेबूजी झिंगराजी जानोरकर म्हणजे गाडगेबाबा. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाच्या घरी गेलं. म्हणजे आमच्या कारंजापासून फार दूर नाही. गाडगेबाबांचं कीर्तन सगळे सांगतात, झाडू सगळे सांगतात. मला त्यांच्याबद्दल वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. हा माणूस पन्नासएक वर्षं प्रत्येक गावात अनोळखी म्हणून शिरला. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. गावातली कुत्री भुंकत, पोरं दगड मारत, माणसं वेडा म्हणत. कोणी विचारायच्या आत तो त्यांची गल्ली झाडायला लागे. कोणी भाकर दिली तर त्याच गाडग्यात घेई. परक्या माणसाला हे गाव कसं वागवतं, याची परीक्षा तो रोज स्वतःच्या अंगावर घेत होता.

आणि त्यानं बांधलं काय? धर्मशाळा. नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी. मुंबईत रुग्णालयाजवळ, परगावाहून येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांना डोकं टेकायला जागा असावी म्हणून. पंढरपुरात ज्यांना कुठल्याच धर्मशाळेत घेत नसत त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. परक्यांसाठी पक्क्या इमारती बांधल्या आणि स्वतःच्या बायकामुलांना झोपडीत ठेवलं. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, वाटेतच, त्यांचा जीव गेला. ज्याचं सगळं आयुष्य वाटसरूंसाठी गेलं, त्याला मरणही रस्त्यात आलं. आपण त्यांचे पुतळे उभारले, विद्यापीठाला नाव दिलं, अभियानाला नाव दिलं. आज तोच माणूस चिंध्या पांघरून धनजच्या थांब्यावर आला आणि त्यानं गाडीची वेळ विचारली, तर आम्ही चौघं काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. कदाचित त्याचा व्हिडिओ काढला असता.

व्हिडिओवरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी कारंजाकडे येताना मी एक अपघात पाहिला. दुचाकीवर सोयाबीनचं पोतं बांधून एक शेतकरी चालला होता, मागून कोणीतरी धडक देऊन पळालं होतं. मी पोचलो तेव्हा भोवती गोल उभा होता, वीसेक माणसांचा. त्यातले निम्मे हात वर होते आणि प्रत्येक हातात फोन होता. खाली माणूस रक्तात पडलेला, दाणे सगळीकडे सांडलेले. वेचणीहून परतणारी एक मजूर बाई गोल फोडून आत शिरली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदर फाडून जखमेवर दाबला आणि ओरडली, "अबे, एकशे आठ लावा नं कोणी!" वीस फोन होते. एकशे आठ तोवर कोणीच लावला नव्हता.

लोक म्हणतात, पोलिसांचं लचांड मागे लागतं म्हणून कोणी हात लावत नाही. हे कारण आता उरलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 30 मार्च 2016 रोजी जखमीला मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचं बळ दिलं. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली आणि 134 अ हे कलम आलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी टाकता येत नाही, त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि 1 जुलै 2023 च्या पहाटे त्याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 माणसं जळून मेली. रस्ते वाढले, वेग वाढला, रस्त्यावर पडणारी परकी माणसं वाढली. कायद्यानं आपले हात मोकळे केले आणि आपण ते हात फोन धरण्यात गुंतवले.

आणखी एक तारीख सांगतो. ही तारीख महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत शिकवली पाहिजे असं मला वाटतं. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं आदिवासी गाव आहे. त्या दिवशी आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं एसटीतून उतरली. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा तेव्हा कित्येक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. त्यांच्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलताना कोणी पाहिला आणि जमाव धावला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथं पाचही जणांना ठेचून मारलं. त्याचेही व्हिडिओ निघाले.

मी या घटनेचा पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, त्या बाजारात सगळं होतं, फक्त तो एक प्रश्न नव्हता: कोण्या गावचे? प्रश्न कोणी विचारला नाही असं नाही, पण उत्तर ऐकण्याआधीच फोननं ते देऊन टाकलेलं होतं. डवरी गोसावी, नंदीबैलवाले, बहुरूपी, वासुदेव, जोशी ही माणसं शतकानुशतकं आपल्या दारात येत आली. परकी होती तरी गावाला त्यांची सवय होती, कारण गाव त्यांच्याशी बोलायचं. कुठून आलात, औंदा पीकपाणी कसं आहे तिकडे, गेल्या साली तुमचा बाप यायचा तो कुठं आहे. बोलणं थांबलं आणि त्यांच्याबद्दलचं बोलणं सुरू झालं. माणूस समोर उभा आणि त्याची ओळख मात्र हजार मैलांवरून कोणीतरी पाठवलेल्या मजकुरातून. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप कंपनीनं एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. ठीक आहे. पण आपण स्वतःवर कोणतं बंधन घातलं?

कोणी म्हणेल, थांब्यावरच्या म्हातारीला उत्तर न देणं कुठे आणि पाच माणसांचा खून कुठे. अंतर मोठं आहे, मान्य. तरी रस्ता एकच आहे असं माझं म्हणणं आहे. ज्याच्याकडे आपण वर्षभर पाहिलंच नाही, त्याच्याबद्दल एका रात्रीत काहीही खरं वाटू शकतं.

आता रोजच्या छोट्या गोष्टींकडे येतो, कारण पाप तिथंच शिजतं. किराणा दुकानात जा. पूर्वी "किती झाले काका?" म्हणावं लागे, काका नाकावरचा चश्मा सावरत आकडा सांगत, सुटे नाहीत म्हणून गोळी हातावर ठेवत, पोराची परीक्षा कशी गेली ते विचारत. आता कागदावरचा चौकोन टिपायचा, पैसे पाठवायचे आणि डबा बोलतो. रक्कम मिळाली असं तो डबा सांगतो, दुकानदारही मान वर करत नाही, गिऱ्हाईकही नाही. पैसे देण्याघेण्याची सोय उत्तम आहे. मी ती वापरतो. पण डब्यानं बोलायला सुरुवात केली म्हणून दोन माणसांनी बोलणं का बंद करावं?

सातबारा, दाखला, विमा, जे काही काढायचं असेल त्यासाठी खिडकीपुढे शेतकरी उभा असतो. खिडकीतल्याचा अंगठा पडद्यावर फिरत असतो. शेतकरी खाकरतो. पुन्हा खाकरतो. त्याला "जरा थांबा, एवढं झालं की पाहतो" इतकंही म्हटलं जात नाही. म्हटलं तर तो आनंदानं तासभर थांबेल; वऱ्हाडी माणसाच्या अंगी तेवढा दम आहे. त्याला उशीर झाल्याचं दुःख नसतं. आपण तिथं उभेच नाही असं वागवलं गेल्याचं असतं. हे शेतकरी घरी येऊन कोणाला सांगत नाहीत. मला पुष्कळांनी सांगितलं आहे.

आणि एसटी. ही गाडी म्हणजे गावच्या सौजन्याची फिरती शाळा होती. 1 जून 1948 रोजी पहिली बस निघाली तेव्हापासून अनोळखी माणसांना मांडीला मांडी लावून बसवण्याचं काम या गाडीनं जितकं केलं तितकं कुठल्याच परिषदेनं केलं नसेल. कोणाचं लेकरू कोणाच्या मांडीवर, कोणाचं गठुडं कोणाच्या पायाशी. खिडकीजवळच्यानं पाणी घेतलं की शेजारच्याला विचारायचं. आज त्याच गाडीत एकजण बातम्या मोठ्यानं लावतो, दुसरा गाणी, तिसरा चित्रफितींतलं ते एकच एक हसू शंभरदा वाजवतो. पन्नास माणसांच्या कानांवर आपला कोणताही हक्क नाही, याची त्यांना जाणीवसुद्धा नसते. मार्च 2023 पासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला आणि गाड्या बायकांनी भरल्या. चांगली गोष्ट झाली. माहेरी जायला, दवाखान्यात जायला नवऱ्याकडे हात पसरावा लागत नाही. त्यावर पुरुषांनी काय केलं? "अर्ध्या तिकिटात हिंडतात" म्हणून कुजबुज केली आणि कडेवर लेकरू घेतलेली बाई समोर आली की डोळे पडद्यात खुपसले. राखीव जागेवर बसलेल्याचं डोकं सगळ्यात खाली असतं, हे कोणत्याही गाडीत चढून पाहून घ्या.

एका बाबतीत मात्र मला माझं बोट वळवावं लागतं. एकटी प्रवास करणारी मुलगी फोन कानाला लावून बसते, समोरून बोलणारं कोणी नसलं तरी बोलत राहते. तिला मी उद्धट म्हणणार नाही. तिच्यासाठी तो फोन ढाल आहे. ती ढाल तिला का लागते? कारण "कोण्या गावच्या?" हा प्रश्न आपण पुरुषांनी तिच्यापुरता घाण करून ठेवला आहे. गाव विचारायचं, मग कॉलेज, मग नंबर, मग पाठलाग. तिच्याशी सौजन्यानं वागायचं म्हणजे जागा द्यायची आणि नजर काढून घ्यायची. बोलणं तिच्या मर्जीवर. बाकी सगळ्यांसाठी मान वर करा म्हणणारा मी, इथं म्हणतो, मान फिरवा.

फोनला मी शत्रू मानत नाही. 2020 च्या टाळेबंदीत मजुरांचे तांडे विदर्भातल्या रस्त्यांवरून पायी आपापल्या मुलखाकडे निघाले होते, तेव्हा याच फोनवरून पोरांनी एकमेकांना कळवलं, अमक्या ठिकाणी माणसं बसली आहेत, भाकरी पाठवा. नावगाव न विचारता खिचडीच्या कढया चढल्या. रक्तदात्यांचे ग्रुप रात्री दोन वाजता जागे होतात. म्हणजे माणुसकी मेलेली नाही. ती प्रसंग पाहून येते. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, आमच्या वाशीम जिल्ह्यातून जाते. त्या दिवशी गावंच्या गावं रस्त्यावर उतरतात, शेकडो अनोळखी वारकऱ्यांचे पाय धुतात, पंगती वाढतात. मी त्या पंगतीत वाढलं आहे, जेवलोही आहे. पण वारकरी टाळ घेऊन रांगेत आला तर माउली आणि तोच माणूस चार महिन्यांनी एकटा, हातात पिशवी घेऊन, थांब्यावर आला तर कोणीच नाही? पालखीच्या दिवशी आपण पुण्य कमावतो, फोटो काढतो, फलक लावतो. म्हातारीला गाडीची वेळ सांगण्यात पुण्याचा फलक लागत नाही. म्हणून सांगत नाही का आपण?

उन्हाळ्यात रस्त्यारस्त्यावर पाणपोई असायची. लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण, साखळीला बांधलेला पेला आणि कुठे कुठे एखादी म्हातारी पाणी द्यायला बसलेली. पुष्कळ ठिकाणी आता नळाची टाकी असते, तिच्यावर पाणी देणाऱ्यापेक्षा देणगी देणाऱ्याचं नाव मोठं. मला ती बसलेली म्हातारी आठवते. ती पाणी देताना तोंडाकडे पाहायची. "उन्हाचं आलं वाट्टे लेकरू," म्हणायची. तहान पाण्यानं भागायची खरी, पण त्या बोलण्यानंही काहीतरी भागायचं.

घरात पाहुणा आला की पोरं खोलीतून बाहेर येत नाहीत, म्हणून आईबाप माझ्याकडे तक्रार करतात. मी त्यांना विचारतो, दूधवाला, पोस्टमन, पार्सल घेऊन आलेला पोऱ्या, मीटर पाहायला आलेला माणूस यांच्याशी तुम्ही मान वर करून शेवटचं कधी बोललात? उन्हातान्हात गाडी हाणत आलेल्या पोऱ्याकडून खोकं घेताना आपण एका हातानं फोन कानाला धरतो आणि दुसऱ्या हातानं खोकं ओढून दार लावतो. पोरं हे पाहतात. त्यांना कोणी धडा दिला नाही असं म्हणू नका. आपण रोज देतो.

त्या दिवशी थांब्यावर सरकारी गाडी वळणाआड गेल्यावर आम्ही चौघंही पुन्हा खाली पाहू लागलो होतो. का कोण जाणे, मला माझ्याच आवाजातला तो "साहेब" ऐकू येत राहिला. मी फोन बंद केला आणि म्हातारीकडे गेलो. म्हटलं, "आजी, गाडी मघाच गेली. आता दुसरी दीड तासानं. माझंच चुकलं, मला माहीत होतं." ती रागावली नाही. "असू दे बापू, कामात अससीन," म्हणाली. आम्ही लिंबाच्या सावलीत बसलो. नातू दवाखान्यात भरती होता, बाराच्या आत डॉक्टरांना गाठून कागद दाखवायचे होते. तिनं पिशवीतून फडकं सोडलं. ज्वारीची भाकर आणि ठेचा. अर्धी मोडून माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "तुमी कोण्या गावचे?"

मी गाव सांगितलं. ती क्षणभर थांबली, बोटं मोडत काहीतरी आठवू लागली. "मंग त तुमी आमच्या घरचेच झाले. माह्या मोठ्या जावेचं माहेर तिथचं."

गाडी आली तेव्हा तिची पिशवी मी उचलली. धनज सोडताना वाहकाच्या घड्याळात साडेअकरा होऊन गेले होते आणि अमरावती अजून पुढे होती.